एमआरएनएसारखं (पेशीला प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) औषध नेणारे लिपिडचे, म्हणजे स्निग्ध पदार्थाचे, नॅनोकण शिरेतून दिले की बहुतेक यकृतातच का जमतात?

रक्तात शिरताच त्यांच्यावर आपल्याच शरीरातलं एपोलिपोप्रोटीन ई (एपोई) हे प्रथिन चिकटतं आणि यकृताच्या पेशी त्यांना कोलेस्टेरॉलचे कण समजून एलडीएल रिसेप्टरमार्फत (असे कण पकडणाऱ्या, पेशीवरच्या प्रथिनामार्फत) आत ओढतात. कणावरचं पीईजी या पॉलिमरचं संरक्षक आवरण रक्तात हळूहळू गळतं, तसतशी या प्रथिनाला जागा मिळते. हे नुसतं अनुमान नाही: एपोई नसलेल्या उंदरांत असे कण यकृतात फारसे शिरतच नाहीत. २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या, अशाच कणांतून दिल्या जाणाऱ्या पॅटिसिरान या औषधाने याचाच फायदा उठवला. त्याला ज्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनाचं उत्पादन रोखायचं असतं, ते मुख्यतः यकृतातच बनतं. म्हणजे पत्ता आयताच बरोबर. खरी पंचाईत दुसरा अवयव गाठायचा असेल तेव्हा. मिश्रणात डीओटॅपसारखं कायम धनभारित लिपिड वाढवलं की उंदरांत कण फुप्फुसाकडे वळतात, पण असं लिपिड पेशींना त्रासदायक ठरू शकतं, त्यामुळे मला हा उपाय अर्धाच वाटतो.

मात्र हे शिरेतून दिलेल्या औषधाबद्दल. दंडात टोचलेल्या लशीचा बराच भाग स्नायूत आणि काखेतल्या लसिका ग्रंथींत राहतो. थोडाच यकृतापर्यंत पोचतो.