सत्तरी तालुक्यात मरडावर बारमाही टोमॅटो-वांगी? आधी जागा वाटून घ्या

गोव्यात वाळपईजवळ रानाला लागून मरड, म्हणजे उंचावरची जांभी जमीन, आणि खाली व्हाळाकडे (ओढ्याकडे) भातशेत. त्या मरडावर बाराही महिने टोमॅटो-वांगी काढायची तर खत कुठलं आणि फवारा कुठला, असं तुम्ही विचारलंय. माझं मत सांगतो, हे घाटावरचं गणित सत्तरीत बसत नाही. आपल्याकडे भाजी जागा बदलते. पावसात वर मरडावर, भात कापल्यावर खाली शेतात.

जांभी माती पाणी धरून ठेवत नाही, म्हणूनच 3000 मिलिमीटरच्या वर पडणाऱ्या पावसात ती कामाला येते. तिथे काकडी, दोडकी, भेंडी, चिबूड (काकडीच्या जातीचं गोडसर फळ) घ्या. काकडी चतुर्थीला तोडणीवर येईल असं बघा, माटोळीसाठी (गणपतीवर फळं-भाज्या टांगतात ती) गिऱ्हाईक असतंच. वेलांवर फळमाशी येणार, क्यू-ल्यूरचे (नरमाशीला ओढणाऱ्या आमिषाचे) सापळे फुलं लागतानाच टांगा.

तोच पाऊस मातीतला चुना धुऊन नेतो आणि माती आंबट होते. अशा मातीत लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद (फॉस्फरस) अडकवून ठेवतात, मग सुपर फॉस्फेट कितीही ओता, झाडाला थोडंच मिळतं. तेव्हा आधी माती तपासा, अहवालाप्रमाणे चुना घाला, तोही लावणीच्या तीन-चार आठवडे आधी. शेणखत किंवा युरियासोबत नको, नत्र उडून जातं.

वांगी-टोमॅटोत खरी धास्ती जिवाणूजन्य मर रोगाची. हिरवंगार झाड एकदम मान टाकतं. खोड कापून पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात धरा, पांढुरकी धार सुटली तर तोच. दुकानदार काहीही सांगो, यावर फवारा नाही. जुने गोवेच्या आयसीएआर (भारतीय कृषी संशोधन परिषद) संस्थेने मर सहन करणाऱ्या वांग्याच्या जाती काढल्या आहेत, त्यातली घ्या आणि दिवाळीनंतर भातशेतात लावा. आधीच्या भातपिकात तिथे पाणी तुंबून राहिलेलं असतं, त्याने जिवाणूचा जोर कमी होतो. शेजारी तांबडी भाजी, अळसांदे (चवळी), मुळा चालेल.

आता जनावरं, ज्यांच्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही! रानाच्या कडेला कणगी-रताळी असे कंद म्हणजे डुकरांना आमंत्रण. हळद-आल्याला माकडं फारसं तोंड लावत नाहीत, ती कडेला ठेवा. काकडी घरातून दिसेल अशा जागी.

सौर कुंपणाला कृषी खात्याचं अनुदान आहे, पण तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत जातो. पावसात खालची पट्टी सारखी साफ करावी लागते, आणि तारेवर झुकलेल्या फांद्या छाटल्या नाहीत तर माकडं तिथूनच उतरतात. घरची वीज तारेत सोडायचा सल्ला कोणी दिला तर त्याला बांधावरूनच परत पाठवा. माणूस मरतो. गवा मेला तर तुरुंग, तो राज्यप्राणी आहे आणि वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

व्हाळाला मार्चपर्यंत पाणी टिकतं का, ते कळवा. खाली किती भाजी घ्यायची ते त्यावर ठरेल.