कागद फुटले, फोडले की छापले?

प्रश्न असा आला आहे : "सरकारी कागदपत्रं जगासमोर आणणाऱ्या 'विकिलीक्स' या संकेतस्थळाचा संस्थापक ज्युलियन असांज २०२४ मध्ये तुरुंगातून सुटला तेव्हा एका बातमीत 'गोपनीय कागदपत्रे फोडणारा असांज' असं वाचलं, दुसरीत 'कागदपत्रांची गळती', तिसरीत 'चोरी', चौथीत सरळ 'लीक'. यातला बरोबर शब्द कोणता? आणि व्हिसलब्लोअरला, म्हणजे आपल्याच संस्थेतला गैरप्रकार उघड करणाऱ्याला, 'जागल्या' म्हणतात, ते कितपत योग्य?"

'लीक'चं आधी उरकून टाकू. बोलताना सगळेच म्हणतात, म्हणू देत. मात्र मराठीला इथे उसनवारीची गरज नव्हती. परीक्षेचा पेपर फुटला म्हटल्यावर काय झालं हे शाळकरी पोरालाही समजावून सांगावं लागत नाही.

'गळती' मात्र मला खटकते. नळाला गळती लागते, छताला लागते, निवडणुकीच्या तोंडावर पक्षाला लागते. ती हलगर्जीपणामुळे होते, कुणी ठरवून करत नाही. एखाद्या कंपनीचा सर्व्हर उघडा राहिला आणि गिऱ्हाइकांचे फोन नंबर बाहेर गेले, तर खुशाल गळती म्हणा. पण डॅनिएल एल्सबर्ग या अमेरिकी लष्करी विश्लेषकाने १९६९ मध्ये व्हिएतनाम युद्धावरच्या सरकारी अहवालाच्या सुमारे ७,००० पानांच्या झेरॉक्स चोरून-लपून काढल्या. त्याला गळती म्हणणं हा निदान त्याच्या मेहनतीचा तरी अपमान आहे.

आता खरी जोडी : फुटणे आणि फोडणे. 'फुटणे'मध्ये कर्ता गायब असतो. पेपर फुटला, बातमी फुटली, बिंग फुटलं. कुणी केलं ते माहीत नाही, किंवा माहीत असून सांगायचं नाही. चौकशी समितीला हे क्रियापद भारी प्रिय. 'फोडणे' म्हटलं की माणूस उभा करावा लागतो. गंमत अशी की या क्रियापदाला स्वतःचा चांगुलपणा-वाईटपणा नाही, तो कर्मावर ठरतो. गुपित फोडणारा दगाबाज, आमदार फोडणारा धूर्त, आणि अन्यायाला वाचा फोडणारा थोर. तेच कागद, तोच माणूस. तुम्ही 'गुपित' लिहिता की 'वाचा', त्यावर तुमची बाजू कळते. टीव्हीवर रोज संध्याकाळी होणारा 'गौप्यस्फोट'ही याच घराण्यातला, संस्कृत 'स्फुट्' धातूचा. फक्त त्याने जरा भरजरी कपडे घातले आहेत.

म्हणून 'कागदपत्रे फोडणारा असांज' ही शब्दरचना मला चुकीची वाटते, आणि ती नुसती व्याकरणाची चूक नाही. २०१० मध्ये अफगाणिस्तान आणि इराक युद्धांच्या नोंदी आणि परराष्ट्र खात्याचे खलिते फोडले ते अमेरिकी लष्करातल्या चेल्सी मॅनिंगने. असांजच्या विकिलीक्सने ते प्रसिद्ध केले. फोडणारा वेगळा, छापणारा वेगळा. अमेरिकेतला सगळा वाद याच फरकाभोवती फिरतो. एल्सबर्गचे कागद न्यूयॉर्क टाइम्सने १३ जून १९७१ पासून छापायला घेतले, सरकार ते थांबवायला कोर्टात गेलं, आणि ३० जूनला सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी वृत्तपत्रांच्या बाजूने निकाल दिला. खटला भरला गेला तो एल्सबर्गवर, १९१७ च्या हेरगिरीविरोधी कायद्याखाली. सरकारनेच त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाच्या दवाखान्यात घरफोडी करवली होती हे उघडकीस आलं आणि १९७३ मध्ये न्यायाधीशांनी तो खटला रद्द केला. (घरफोडी! इथेही 'फोडणे' आहेच.)

असांजवर २०१९ मध्ये जे १८ आरोप ठेवले गेले त्यातले १७ त्याच कायद्याखालचे होते. संगणकाचा पासवर्ड फोडायला त्याने मॅनिंगला मदत करू पाहिली, हा अठरावा. म्हणजे तो नुसता छापणारा नाही, फोडण्यातही सामील आहे, असं सरकारचं म्हणणं. त्याच्या बाजूचे म्हणत की पत्रकार आपल्या माणसाकडून कागद मागतोच, तो गुन्हा ठरवलात तर शोधपत्रकारिता संपली. २०११ मध्ये विकिलीक्सने माहिती देणाऱ्यांची नावं न झाकता सगळे खलिते खुले केले तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स, गार्डियन, ल मोंद, डेर श्पीगेल आणि एल पाइस या, आधी तेच खलिते विकिलीक्सच्या सोबतीने छापणाऱ्या, पाचही माध्यमांनी त्याचा निषेध केला होता. त्याच पाचांनी नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर पत्र लिहून खटला मागे घ्यायला सांगितलं. दोन्ही भूमिका एकाच तोंडी शोभतात, असं माझं मत. छापण्यातला बेजबाबदारपणा आणि हेरगिरी या एका मापाच्या गोष्टी नव्हेत. अखेर जून २०२४ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या सायपान या अमेरिकी बेटावरच्या कोर्टात त्याने एका आरोपाचा कबुलीजबाब दिला, लंडनच्या बेलमार्श तुरुंगात काढलेली पाच वर्षं शिक्षा म्हणून धरली गेली आणि तो ऑस्ट्रेलियाला गेला. मराठी मथळ्यात 'फोडणारा' लिहिणाऱ्याने हा वाद नकळत सरकारच्या बाजूने निकालात काढला.

'गोपनीय' हे विशेषणही हात राखून वापरावं. विकिलीक्सकडचे खलिते होते २,५१,२८७. त्यातल्या १,३३,८८७ वर, म्हणजे निम्म्याहून अधिकांवर, गोपनीयतेचा कुठलाच शिक्का नव्हता. 'गुप्त' दर्जाचे १५,६५२, आणि त्याच्या वरचा सर्वोच्च दर्जा एकालाही नाही. 'अडीच लाख गोपनीय दस्तावेज' हा मथळा भारदस्त खरा, पण चुकीचा.

'चोरी'चा किस्सा आपल्याच घरचा आहे. राफेल लढाऊ विमानांच्या खरेदीबाबतचे संरक्षण मंत्रालयातले कागद २०१९ च्या सुरुवातीला 'द हिंदू'ने छापले. राफेलच्या आधीच्या निकालाचा फेरविचार मागणाऱ्या (पुनर्विलोकन) याचिकांच्या सुनावणीत ६ मार्चला तेव्हाचे महान्यायवादी (अ‍ॅटर्नी जनरल) के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितलं की कागद चोरीला गेले आहेत. दोनच दिवसांत खुलासा आला की फाइल जागेवर आहे, याचिकाकर्त्यांनी वापरल्या त्या मूळ कागदांच्या छायाप्रती. मराठीत चोरी म्हणजे माझी वस्तू माझ्याकडे उरली नाही. इथे वस्तू जागच्या जागी, फक्त तिची गुप्तता गेलेली. तिला चोरी म्हणणं कायद्यात बसत असेल-नसेल, भाषेत ओढूनताणूनच बसतं. १० एप्रिल २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने सरकारचे आक्षेप फेटाळले आणि ते कागद विचारात घ्यायचं ठरवलं. गुप्त असा शिक्का असलेला कागद छापण्यापासून कुणाला रोखण्याचा अधिकार १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याने सरकारला दिलेला नाही, असंही निकालात आहे, आणि एल्सबर्गच्या कागदांच्या निकालाचा हवालाही. पुढे नोव्हेंबरमध्ये त्या पुनर्विलोकन याचिका फेटाळल्या गेल्या, पण तो मुद्दा निराळा.  

एक सावधगिरी आणखी. 'कागद फुटले' म्हणताना आपण ते कागद अस्सल धरून चालतो. 'केसरी' आणि 'मराठा'ने कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली तेव्हा आधाराला बर्व्यांची म्हणून पुढे आलेली पत्रं होती. ती बनावट ठरली, आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकर १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते. खातरजमा होईपर्यंत 'कथित' हा रटाळ शब्द वापरलेला बरा.

आता जागल्या. ज्यांचा शेताशी संबंध आहे त्यांना 'जागलीला जाणे' माहीत असेल, रात्री पिकाची राखण करायला जाणे. गावचा जागल्या रात्रभर जागे, परका दिसला की ओरडे, चोरी झालीच तर चोराचा माग काढे. आक्षेप घेणारे म्हणतात की हा जागल्या बाहेरच्या चोराला पकडणारा, व्हिसलब्लोअर आपल्याच धन्याचं बिंग फोडणारा, मग मेळ कसा बसतो? मला बसतो असं वाटतं, कारण जागल्याचा धनी पाटील नसून गाव असतो. पाटलानेच खळ्यातली पोती हलवली तर जागल्याने ओरडायचं की गप्प बसायचं, हाच तर या सगळ्या वादातला प्रश्न आहे. 'शिट्टी वाजवणारा' असं भाषांतर कुणी केलं तर वाचकाला सिनेमाचं थिएटर आठवेल. 'खबऱ्या' पोलिसांचा. 'घरभेदी'त निकाल आधीच लागलेला. 'फितूर' तर अजिबात नको. फितूर शत्रूच्या कानात सांगतो, जागल्या चव्हाट्यावर ओरडतो. अमेरिकेच्या लष्करी न्यायालयालाही हा फरक दिसला : मॅनिंगला ३५ वर्षांची शिक्षा झाली (ओबामांनी ती २०१७ मध्ये कमी केली), पण 'शत्रूला मदत' या आरोपातून २०१३ मध्येच निर्दोष सोडलं होतं.

जागल्या व्हायला कागद फोडावेच लागतात असंही नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात रीतसर अर्ज करून कागद मिळवत आणि जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढत. जानेवारी २०१० मध्ये त्यांचा खून झाला. त्यांच्याबाबत 'कागद फोडले' लिहिणं चूकच, 'मिळवले' लिहावं. जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०१४ मध्ये केला, पण लागू करायची अधिसूचना काही निघाली नाही.

राहता राहिलं लिंग. मॅनिंग बाई आहे, मग जागल्याचं स्त्रीलिंगी काय? नियमाने 'जागली' व्हायला हवं, पण तो शब्द राखणीच्या कामालाच दिलेला आहे. 'वाटाड्या', 'खबऱ्या' हे शब्द आपण बाईलाही तसेच लावतो, तेव्हा मी 'जागल्या मॅनिंग म्हणाली' असंच लिहितो. कुणाकडे बरं रूप असेल तर कळवा.