गेलेल्या नेत्यावर टीका केली म्हणून माफी मागावी का?

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तालुक्यातल्या एका दिवंगत नेत्याच्या पुण्यतिथीला तुम्ही फेसबुकवर तीन गोष्टी लिहिल्यात: साखर कारखाना त्यांच्या धोरणामुळे बुडाला, चौकाला त्यांचं नाव देऊ नये, आणि कारखान्याचे पैसे त्यांनी घरी नेले. पोस्ट गावभर फिरली. आता कार्यकर्ते घरी येऊन सांगून गेलेत की हात जोडून माफी मागतानाचा व्हिडिओ टाक, नाहीतर गुन्हा दाखल करतो. वर काहींनी सल्ला दिलाय की मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, माफी मागा आणि मोकळे व्हा.

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते. पोस्ट, स्टेटस आणि फॉरवर्डवरून अडकलेली मुलं माझ्याकडे येत असतात. पहिली दोन वाक्यं लिहायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. त्यांबद्दल माफी मागू नका. तिसऱ्या वाक्याची गोष्ट वेगळी आहे, तिच्याकडे नंतर येते.

आधी पालघर आठवा. १७ नोव्हेंबर २०१२ ला बाळासाहेब ठाकरे गेले. दुसऱ्या दिवशी शिवाजी पार्कवर अंत्यसंस्कार झाले आणि मुंबई बंद होती. पालघरच्या एका २१ वर्षांच्या मुलीने फेसबुकवर लिहिलं की अशी माणसं रोज जन्मतात आणि मरतात, त्यासाठी बंद कशाला; शहर आदरापोटी नाही, भीतीपोटी बंद आहे. शिवी नाही, जात नाही, धर्म नाही. तिच्या मैत्रिणीने ती पोस्ट फक्त 'लाइक' केली. तक्रार झाली आणि पोलिसांनी दोघींना ठाण्यात नेलं. धार्मिक भावना दुखावल्याचं कलम आधी लावलं, मग ते बदलून दुसरं लावलं, जोडीला माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६अ, म्हणजे ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर टाकणं गुन्हा ठरवणारं कलम. १९ तारखेला अटक, आणि पंधरा हजारांच्या बंधपत्रावर जामीन. त्याच काळात जमावाने मुलीच्या काकांचा अस्थिरोगाचा दवाखाना फोडला. पोस्टशी त्या दवाखान्याचा काडीचाही संबंध नव्हता. पुढे दोन पोलीस अधिकारी निलंबित झाले आणि काही महिन्यांत खटलाही बंद झाला. पण सगळं मिटल्यावर निर्दोष ठरणं आणि त्या रात्री पोलीस ठाण्यात बसावं लागणं, या दोन गोष्टींची बरोबरी होत नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांत शेवटी शिक्षा होतच नाही. चौकशी, फोनची जप्ती, तारखा, घरच्यांची झोप उडणं, नोकरीच्या ठिकाणी कुजबुज, हेच सगळं शिक्षेसारखं भोगावं लागतं. धमकावणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

या घटनेनंतर दिल्लीतल्या श्रेया सिंघल या तरुणीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ६६अ रद्द केलं. त्या निकालातला एक धागा तुमच्या कामाचा आहे. चर्चा करणं, एखाद्या मताचा पुरस्कार करणं आणि हिंसेला चिथावणी देणं या तीन वेगवेगळ्या पायऱ्या न्यायालयाने मानल्या. कायद्याने अडवायचं ते चिथावणीला. चर्चा आणि पुरस्कार लोकांना कितीही खुपले तरी ते अभिव्यक्तीतच येतात. कलम रद्द झाल्यावरही देशभरात पोलीस त्याखाली गुन्हे नोंदवत राहिले. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आश्चर्य व्यक्त केलं आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये असे सगळे खटले थांबवायला सांगितले. म्हणून तुमच्याविरुद्ध काही आलंच, तर त्यात कोणतं कलम आहे हे आधी वाचा.

हल्ली ६६अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची दोन कलमं दिसतात: १९६, म्हणजे दोन समाजांत तेढ, आणि ३५३, म्हणजे अफवा किंवा भडकावणारं विधान. एका माणसाच्या कारभारावर टीका केली म्हणजे दोन समाजांत तेढ होत नाही. अनुयायी चिडले एवढ्यावरही हे कलम बसत नाही. याबाबत सगळ्यात ठाम भूमिका नागपूरहून आलेली आहे. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी म्हटलं होतं की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापाने. दुबळ्या मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका दिसणाऱ्या माणसाचं माप लावायचं नाही. हेच माप सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकाला लावलं. ३७० कलम हटवल्याच्या दिवसाला 'काळा दिवस' म्हणणारं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं म्हणून हातकणंगले पोलिसांनी त्यांच्यावर गुन्हा नोंदवला होता. न्यायमूर्ती अभय ओक आणि उज्जल भुयान यांनी तो रद्द केला. सरकारच्या निर्णयाला चुकीचं म्हणणं हा नागरिकाचा हक्क आहे, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं. या निकालाची प्रत जवळ ठेवा. ठाण्यात दाखवायला ती उपयोगी पडते.

आता तिसरं वाक्य. 'कारखाना त्यांच्या धोरणामुळे बुडाला' हे मत आहे. त्यावर वाद घालता येतो, आकडे देता येतात, उलट मतही मांडता येतं. 'पैसे घरी नेले' हा एका ठरावीक कृत्याचा आरोप आहे, आणि आरोपाला पुरावा लागतो. लेखापरीक्षणाचा अहवाल, सहकार खात्याची चौकशी, न्यायालयाचा आदेश यांतलं काहीतरी तुमच्या हातात हवं. गावात सगळे म्हणतात, हा पुरावा नाही.

या बाबतीत १८८२ चा कोल्हापूर खटला मला फार महत्त्वाचा वाटतो. टिळक आणि आगरकर तेव्हा पंचविशी-सव्विशीतले होते. कोल्हापूरच्या तरुण छत्रपतींचा छळ होतो आहे, अशी चिंता साऱ्या महाराष्ट्रात होती. 'केसरी' आणि 'मराठा' यांतून दोघांनी संस्थानचे दिवाण बर्वे यांच्यावर झोड उठवली. त्या टीकेला आधार म्हणून काही पत्रं छापली. ती दिवाणांची म्हणून हाती आली होती आणि न्यायालयात बनावट ठरली. दोघांनी माफी मागितली, तरी चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात ते १०१ दिवस होते. पुढच्याच वर्षी, १८८३ च्या डिसेंबरात, त्या छत्रपतींचा अहमदनगरला अंत झाला. चिंता खरी होती आणि कागद खोटे होते, त्यामुळे खऱ्या चिंतेचा आवाजही काही काळ तुरुंगात गेला. तुमच्या बाबतीतही हेच होईल. तिसऱ्या वाक्यामुळे पहिल्या दोन वाक्यांवर कुणी बोलणारच नाही.

गेलेल्या माणसाची बदनामी होते का, हे तुम्ही विचारलंय. होऊ शकते. न्याय संहितेच्या कलम ३५६ चं पहिलं स्पष्टीकरण मृत व्यक्तीबद्दलच आहे. ती व्यक्ती जिवंत असती तर तिच्या नावाला धक्का लागला असता आणि तिच्या कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याचा हेतू होता, या दोन्ही गोष्टी जुळाव्या लागतात. पण याच कलमाला अपवादही आहेत. लोकसेवकाच्या कारभाराबद्दल, आणि सार्वजनिक प्रश्नात कुणाही व्यक्तीच्या वागण्याबद्दल, सद्‌हेतूने मांडलेलं मत बदनामी ठरत नाही. शिवाय हा गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस थेट एफआयआर नोंदवत नाहीत, फार तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतात. तक्रार दंडाधिकाऱ्यांकडे करावी लागते आणि ती बाधित व्यक्तीने करायची असते. नेत्याचे घरचे ती करू शकतात. नेत्याच्या नावाचा टी-शर्ट घातलेला कार्यकर्ता 'बदनामीचा गुन्हा दाखल करतो' म्हणतो, तेव्हा त्याला तो अधिकार नसतो. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी बदनामीचं कलम कायम ठेवलं. माझ्या मते ते चुकलं, बदनामीला दिवाणी दावा पुरेसा आहे. पण कायदा आज असा आहे, म्हणून हे सगळं सांगते.

भाषेबद्दलही एक इशारा. १९९४ मध्ये बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनेच्या अंकात वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची गांधीजींवरची कविता छापली गेली आणि अश्लीलतेचा खटला झाला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की इतिहासातल्या आदरणीय व्यक्तीच्या तोंडी असे शब्द घातले, तर मोजमाप अधिक कडक राहील. आधीच माफी मागितलेला प्रकाशक सुटला, कवीला खटल्याला सामोरं जावं लागलं. मला हा निकाल पटत नाही, कारण व्यक्ती जितकी मोठी तितका कवीला मोकळेपणा कमी, असा त्याचा अर्थ होतो. पण टीका करताना शरीर, आजारपण, घरातल्या बायका आणि जात यांच्यापासून लांब राहा. तुमच्या पोस्टखाली एकाने नेत्याची जात काढली आहे. ती कमेंट आजच काढा. तुमच्या भिंतीवर ती राहिली तर १९६ लावायला आयतं निमित्त मिळेल.

'मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये' हा सल्ला घरच्या दुःखात ठीक आहे. ज्याचं नाव चौकाला द्यायचंय, ज्याच्या पुण्यतिथीला शाळेची मुलं उन्हात उभी करायची आहेत, त्याच्या कारभाराची चर्चा मात्र होणारच. १८ जानेवारी १९४३ ला पुण्यात रानड्यांच्या स्मृतिनिमित्त बोलताना बाबासाहेबांनी गांधी आणि जिना या दोन हयात, बलाढ्य नेत्यांच्या अहंकारावर नाव घेऊन टीका केली. त्याच भाषणात त्यांनी थोरांबद्दलचं कौतुक आणि थोरांपुढची आज्ञाधारकता यांत फरक केला. पहिल्यात काही गैर नाही, दुसरी घातक आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. आज बाबासाहेबांवरही कुणी विचारपूर्वक टीका केली, तर तिला उत्तर द्यायची ताकद त्यांच्या लेखनात आहे, जमाव लागत नाही. हे मी त्यांचं ऋण मानणारी म्हणून लिहिते आहे. आपल्याला जो माणूस पूज्य आहे त्याच्यावरची टीका सहन होते का, इथेच आपली खरी परीक्षा असते.

आणि हे अमुक पक्षाचेच लोक करतात, असं कुणी खाली लिहू नका. २०२० मध्ये मुख्यमंत्र्यांवरचं व्यंगचित्र पुढे पाठवलं म्हणून मुंबईत नौदलाच्या निवृत्त अधिकाऱ्याला मारहाण झाली. २०२२ मध्ये शरद पवारांवरच्या पोस्टवरून केतकी चितळे महिनाभराहून जास्त तुरुंगात होती. मार्च २०२५ मध्ये एकनाथ शिंदेंवरच्या विनोदावरून खारचा स्टुडिओ फोडला गेला. मधल्या काळात सरकारं बदलली होती.

आता कामाचं. तिसरं वाक्य काढा आणि 'या आरोपाचा पुरावा माझ्याकडे नाही, म्हणून तो मागे घेतो' असं पोस्टमध्येच लिहा. बाकीची पोस्ट तशीच ठेवा. त्याआधी मूळ पोस्टचे, कमेंटचे आणि धमक्यांचे तारखेसह स्क्रीनशॉट घेऊन घराबाहेरच्या कुणाकडे तरी पाठवून ठेवा. कॉल रेकॉर्ड असतील तर जपा. घरी येऊन धमकावल्याचा लेखी अर्ज ठाण्यात द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. ठाणे अंमलदार पोच देत नसतील तर पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा.

व्हिडिओ करू नका. दबावाखालची माफी दुसऱ्या दिवशी हजारो फोनवर असते. चूक वाटली त्या वाक्याबद्दल स्वतःच्या शब्दांत लिहिलंत, की तेवढं पुरे.

ठाण्यातून बोलावणं आलं तर घाबरून पळू नका आणि एकटे जाऊही नका. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच सांगितलंय. नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास आणि अटकेचे नियम सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यावी लागते, आणि ती व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही. नोटिशीप्रमाणे हजर राहिलात तर अटक करायला वेगळी, लेखी कारणं लागतात. मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालानंतर आणखी एक आधार आहे: बोलण्या-लिहिण्यावरच्या, तीन वर्षं किंवा जास्त पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलिसांनी आधी त्याच संहितेच्या कलम १७३(३) खाली प्राथमिक चौकशी करणं अपेक्षित आहे. ही चौकशी झाली का, हे वकिलाला विचारायला लावा. फोन घेतलाच तर पंचनाम्याची प्रत आणि हॅश व्हॅल्यूची (फोनमधल्या माहितीत नंतर बदल झाला का, हे दाखवणाऱ्या आकड्याची) नोंद मागा. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा. उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील मोफत मिळतो.

कारखान्याचे लेखापरीक्षण अहवाल सहकार खात्याकडे माहितीच्या अधिकारात मागता येतील. ते मिळाले आणि त्यांत काही निघालं, तर ते तिसरं वाक्य पुन्हा लिहा, या वेळी पान क्रमांकासह. मधे नोटीस आलीच तर नाव-पत्ता झाकून तिचा फोटो इथे टाका, कलमं बघून पुढचं सांगते.