‘याद वाशेम’मधली याद म्हणजे आठवण नव्हे

एका शिक्षिकेचा प्रश्न आला आहे: ‘आमच्या शाळेत २७ जानेवारीला ज्यूंच्या संहाराचा स्मरणदिन पाळतात. नववीच्या मुलांनी फलकावर “याद वाशेम” लिहिलंय, आणि सूत्रसंचालनात “याद म्हणजे आठवण” असं वाक्य आहे. ते बरोबर आहे का? आणि होलोकॉस्टला मराठीत नेमकं काय म्हणावं?’

बाई, ते वाक्य आजच काढून टाका. ‘याद वाशेम म्हणजे आठवणीत राहो’ हे भाषणांत इतक्यांदा ऐकलंय की आता कान किटलेत. आपली याद फारसीतून आलेली, आर्यकुळातली. ‘याद वाशेम’ हे जेरुसलेममधलं या संहाराचं स्मारक, त्याच्या नावातली याद हिब्रू, म्हणजे सेमिटिक कुळातली, आणि तिचा अर्थ हात. अरबीतही हाताला ‘यद’च म्हणतात. सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी वाचताना अक्षरांना बोट लावायचं नसतं, म्हणून एक काठी वापरतात. तिच्या टोकाला तर्जनी पुढे केलेला इवलासा हात असतो. त्या काठीचं नावही यादच. सिनेगॉगमध्ये वाढलेल्या बेने इस्रायल (मराठी बोलणारे ज्यू) माणसाला हे सांगावं लागत नाही, पण व्यासपीठावरच्या वक्त्यांनी त्यांना कधी विचारलेलंच नसतं.

‘वाशेम’ सोपं आहे. ‘वा’ म्हणजे आणि, ‘शेम’ म्हणजे नाव. मग ‘हात आणि नाव’ हे काय प्रकरण? खरी गंमत इथे आहे. हिब्रू बायबलात ‘याद’ हा शब्द स्मारकशिळेलाही येतो. दावीद राजाचा मुलगा अबशालोम स्वतःच्या हयातीतच एक स्तंभ उभारतो. कारण काय, तर माझं नाव चालवायला मला मुलगा नाही. त्या स्तंभाला लोक ‘याद अबशालोम’ म्हणू लागले. पुढे यशयाच्या पुस्तकात (अध्याय ५६, ओवी ५) देव ज्यांना मूलबाळ होणार नाही अशा षंढांना वचन देतो: माझ्या घरात, माझ्या भिंतींच्या आत मी तुम्हाला ‘याद वाशेम’ देईन, मुलगे आणि मुली यांच्याहून सरस. १९५३ साली इस्रायलच्या संसदेने कायदा करून संस्था उभी केली, तिचं नाव या ओवीतलं आहे. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच, नाव चालवायला मागे कोणी उरलं नाही. मराठी माणसाला हे भाषांतराशिवाय कळतं.

हाताचा अर्थ शिळा कसा झाला, यावर कोशकार सावध बोलतात. काही जण तर हे दोन वेगळेच शब्द असावेत म्हणून मोकळे होतात. मला ते पटत नाही. इस्रायलमधल्या हाझोर इथे १९५० च्या दशकातल्या उत्खननात कांस्ययुगातल्या देवळात काळ्या दगडाच्या उभ्या शिळा सापडल्या. त्यांतल्या एकीवर चंद्रकोर आहे आणि तिच्याकडे उंचावलेले दोन हात कोरले आहेत. शिळेवर हात असेल तर शिळेला हात म्हणायला कितीसा वेळ लागतो? आपल्याकडे गावाबाहेरच्या सतीशिळा पाहा. कोपरात वाकवलेला, बांगड्या भरलेला, पंजा वर केलेला हात. बाई कोण, कुठली, हे गाव विसरतं, पण तो हात पाहिला की इथे कोणाचं तरी स्मारक आहे हे कळतं. या दोन परंपरांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण ज्याला हात आणि स्मारक यांचं नातं ओढूनताणून आणलेलं वाटतं, त्याने एकदा सतीशिळेसमोर उभं राहावं.

मुलांना हे सगळं सांगा, कारण त्यातूनच ती संस्था काय काम करते ते समजतं. तिथे ‘साक्षीपत्रं’ जमवतात, मारल्या गेलेल्या प्रत्येक माणसामागे एक. त्यावर नाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव, व्यवसाय, युद्धाआधी राहण्याचं ठिकाण, मृत्यूचं ठिकाण, मिळालाच तर फोटो. भरून देणारा नातेवाईक असेल किंवा ओळखीचा कोणी. मारलेले सुमारे साठ लाख, त्यांत पंधरा लाखांच्या आसपास मुलं. कित्येक घरांत तर पत्र भरायलाही कोणी उरलं नाही. शाळेत आकडा सांगून थांबू नका. एक साक्षीपत्र घ्या आणि जन्मगाव नकाशावर शोधायला लावा. तो माणूस शिंपी होता की शिक्षक, हे वर्गाला कळू द्या. प्रेतांचे ढीग दाखवून नववीच्या मुलांना हादरवण्याची काही गरज नाही.

हाताचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. ‘प्रत्येक ज्यूच्या हातावर क्रमांक गोंदवला’ हेही सूत्रसंचालनात असेल, तर दुरुस्त करा. गोंदवण्याची पद्धत ऑशविट्झ या नाझी छावणीची, बहुतेकांच्या डाव्या हातावर. तीही कैदी म्हणून नोंद झालेल्यांपुरती. ज्यांना आगगाडीतून उतरवून थेट विषारी वायूच्या कोठडीत नेलं त्यांची नोंदच केली नाही, मग क्रमांक कुठला?

आता तुमचा दुसरा प्रश्न. होलोकॉस्ट हा मुळात ग्रीक शब्द, ‘पूर्ण जळालेलं’. बायबलाच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात तो वेदीवर सबंध जाळून वाहिलेल्या पशूला आला. मराठी बायबलात त्यालाच ‘होमार्पण’ म्हटलंय. कित्येक ज्यूंना हा शब्द नको वाटतो तो याचमुळे. माणसं देवाला वाहिली नव्हती, त्यांचा खून झाला होता. म्हणून ते ‘शोआ’ म्हणतात, म्हणजे विध्वंस, सत्यानाश. आणि आपण काय म्हणतो? ‘साठ लाख ज्यूंनी बलिदान दिलं’, ‘प्राणांची आहुती दिली’! त्यांनी काहीही दिलं नाही हो, त्यांच्याकडून हिसकावलं गेलं. हे दोन शब्द या विषयापुरते तरी वापरायचे नाहीत.

वर्तमानपत्रांचा लाडका ‘वंशविच्छेद’ही मला मान्य नाही. तो ‘जेनोसाइड’चं भाषांतर म्हणून वापरतात. राफाएल लेमकिन या कायदेतज्ज्ञाने १९४४ साली जेनोसाइड हा शब्द छापला, त्याचा उत्तरार्ध लॅटिनमधल्या ‘मारणं’ या धातूवरून आहे. विच्छेद म्हणजे तोडणं, त्यात मारणारा दिसतच नाही. संहारात दिसतो. ‘नरसंहार’ मात्र फार ढोबळ. दंगलीलाही तो वापरतात, आणि एका समाजाचा मागमूसही उरू द्यायचा नाही हा बेत त्यातून कळत नाही.

तेव्हा फलकावर लिहा: ‘ज्यूंचा वंशसंहार (होलोकॉस्ट) स्मरणदिन, २७ जानेवारी’. १९४५ साली याच तारखेला सोव्हिएत फौजा ऑशविट्झला पोचल्या, आणि २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस ठरवला. इस्रायलचा स्वतःचा ‘योम हाशोआ’ वेगळा, तो हिब्रू पंचांगाप्रमाणे निसान महिन्याच्या २७ तारखेच्या सुमारास येतो. दोन्हीकडे २७ असल्यामुळे गल्लत होते, तेवढी टाळा. आणि मुलांना ‘वासेम’ म्हणू देऊ नका, शेंडीतला श आहे.