आधी नेक, मग पिकअप

प्रश्न : धाकट्या भावाने हौस फिटल्यावर बाजूला ठेवलेली एक स्वस्त बास गिटार माझ्याकडे आली आहे. चार तारांची, फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बासच्या धाटणीची. तारा इतक्या उंच आहेत की अर्ध्या तासात बोटं भरून येतात. सहाव्या फ्रेटवर (नेकवरच्या, म्हणजे लांब दांड्यावरच्या, सहाव्या आडव्या धातूच्या पट्टीवर) ‘ए’ची तार खरखरते, आवाज पातळ येतो आणि अ‍ॅम्प लावला की गुणगुण सुरू होते. नवा पिकअप (तारांची कंपनं पकडणारा चुंबकाचा भाग), जड ब्रिज (बॉडीवरचा तारांचा टेकू), खुंट्या, पॉट (आवाज कमी-जास्त करणाऱ्या बटणाखालचा भाग) अशी यादी मी केली आहे. सुरुवात कुठून करू? आणि इतक्या साध्या वाद्यावर एवढी मेहनत घ्यावी का?
– एक वाचक, वय 41

उत्तर : जरूर घ्या. फक्त ती यादी महिनाभर खणात ठेवा.

हे सांगतोय कारण माझ्या पहिल्या बासच्या वेळी मी नेमकं उलटं केलं होतं. प्लायवूडची बॉडी, तिसऱ्या हातातून आलेली. मी आधी पिकअप आणला आणि दोन संध्याकाळी खपून बसवला. आवाज उजळला, पण वाजवायला ती होती तशीच राहिली. पहिल्या फ्रेटवर ‘एफ’ दाबायला जीव काढावा लागायचा आणि दाबलाच तर तो चढा लागायचा. दोष नटमध्ये, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात त्या पट्टीत होता. त्या खाचा कुणी खोल केल्याच नव्हत्या. यंत्रावर कापलेली नेक स्वस्त वाद्यातही बहुतेकदा बरी असते. राहून जातं ते शेवटचं हातकाम: नटच्या खाचा, फ्रेटची टोकं, नेकचा बाक. त्याला माणसाचा वेळ लागतो, म्हणून काटकसर तिथे होते. तुमच्याकडे वेळ आहे, तर तो तिथेच घाला.

पहिलं काम, नव्या तारा. जुन्या, गंजलेल्या तारांवर घेतलेलं एकही माप खरं नसतं. त्या चढवण्याआधी बॉडीच्या बाजूने, एक डोळा मिटून, नेककडे लांबवर बघा. दोन्ही कडा सारख्या वाकलेल्या दिसल्या तर ठीक. एक कड वर आणि दुसरी खाली जात असेल तर नेक पिळलेली आहे आणि तिच्यावर पुढचं काहीही करण्यात अर्थ नाही. तेवढ्या एका परिस्थितीत मी सरळ दुसरी नेक बघायला सांगेन.

मग बाक. तारा सुरात लावा. चार तारा मिळून नेकला सत्तर-ऐंशी किलो वजनाइतक्या जोराने ओढतात, त्यामुळे सैल तारांवर बाक मोजून उपयोग नाही. ‘ई’ची तार पहिल्या फ्रेटवर दाबा, दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटवर तारेखाली किती फट राहते ते बघा. साधारण 0.3 मिमी हवी. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, बाक कमी-जास्त करणारी सळी) घड्याळाच्या दिशेने आवळा, नसेलच तर उलट सैल करा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नको. आवळताना आधी तारा जरा उतरवा, मग पुन्हा सुरात आणून मोजा. लाकूड हळूहळू बसतं, म्हणून दुसऱ्या दिवशी परत एकदा बघा. चावी नीट बसत नसेल तर जोर लावू नका. घासून गोल झालेला ट्रस रॉडचा नट हे या छंदातलं सगळ्यात वाईट दुखणं.

आता गिटारचा नट. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर टिचकी मारून बघा. अगदी बारीक ‘टिक’ ऐकू यायला हवी. तार तिथे स्पष्ट उंच दिसत असेल तर खाच खोल करायची. कानस तारेच्या जाडीची हवी (जाड तार 0.105 इंचाची, म्हणजे सुमारे 2.7 मिमी) आणि उतार खुंट्यांकडे. दोन वेळा कानस फिरवा, तार लावा, बघा, परत काढा. कंटाळवाणं आहे खरं. पण इथे घाई करून मी एकदा ‘ई’ची खाच जास्त खोल केली आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटवर आपटायला लागली. खाचेत खाण्याचा सोडा भरून वर सुपरग्लूचा थेंब टाकला तर ते मिश्रण दगडासारखं घट्ट होतं आणि पुन्हा कापता येतं. माझं त्यावर काही महिने चाललं, मग हाडाचा नट बसवला.

सहाव्या फ्रेटच्या खरखरीवर जरा थांबतो, कारण नेमकी अशीच एक बास अलीकडे माझ्या टेबलावर होती. सहावा दाबला की खरखर, सातवा दाबला की गप्प. म्हणजे सहावा निर्दोष, वर आलेला सातवा. खात्री करायला एक लहान सरळ धातूची पट्टी सहा, सात आणि आठ या तिन्ही फ्रेटवर टेकवली. पट्टी मधल्या फ्रेटवर झोक्यासारखी डुलली. पण ‘जी’च्या बाजूला डुलत नव्हती, फक्त जाड तारांच्या बाजूला. मग नखाने सातव्या फ्रेटचं टोक दाबलं तर ते किंचित खाली गेलं आणि नख काढल्यावर वर आलं. दिव्यासमोर धरल्यावर फ्रेटखाली केसाएवढी काळी रेघ दिसली. म्हणजे फ्रेट खाचेतून एका टोकाला सुटला होता. तो घासला असता तर चूक झाली असती. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून फटीत पातळ सुपरग्लू सोडला, वर लाकडाचा तुकडा ठेवून क्लॅम्पने आवळला, तासभर तसाच राहू दिला. खरखर गेली, कानस लावावीच लागली नाही.

तुमच्याही गिटारवर आधी हे तपासा. फ्रेट पक्के बसलेले असूनही उंच-सखल असतील, तरच सगळे घासून एका पातळीत आणायचे. फ्रेटच्या माथ्यांना काळं मार्कर लावा, लांब सरळ पट्टीला 320 नंबरचा पॉलिश पेपर चिकटवा आणि प्रत्येक माथ्यावरची शाई जराशी निघेपर्यंतच फिरवा. नंतर सपाट झालेले माथे कानशीने परत गोल करायचे आणि 600, 1000, 2000 असे कागद बदलत चकचकीत करायचे. घासलेला धातू परत येत नाही, त्यामुळे पहिला प्रयोग टाकाऊ नेकवर करता आला तर फार बरं.

इथवर आलात की सॅडल (ब्रिजवरचे, तारा टेकतात ते छोटे ठोकळे) खाली घ्या. बाराव्या फ्रेटवर जाड तार साधारण 2.5 मिमी आणि बारीक तार 2 मिमी ही सोयीची उंची. मग सूर जुळवा. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि दाबलेला सूर एकच यायला हवेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर पुढे. मोकळी ‘ई’ 41.2 हर्ट्झची असते आणि बऱ्याच ट्यूनरचा काटा एवढ्या खर्जात डळमळतो. हार्मोनिकवर लावा, तिथे 82.4 मिळतात आणि काटा स्थिर राहतो.

गुणगुणीचं आणि पातळ आवाजाचं थोडक्यात. प्रिसिजन बास 1951 ची, पण तिचा दोन तुकड्यांचा पिकअप 1957 मध्ये आला. त्या दोन तुकड्यांची गुंडाळी आणि चुंबकांची दिशा एकमेकांच्या उलट असते, त्यामुळे बाहेरून शिरणारी गुणगुण एकमेकांत विरते. तरीही तुमची बास गुणगुणत असेल तर दोष बहुधा वायरिंगचा किंवा उघड्या खोबणीचा आहे. पॉट आणि जॅक ज्या खोबणीत बसतात तिला आतून तांब्याची टेप लावा. चिकट बाजूही वीज वाहणारी असलेली टेप घ्या, टेपचे तुकडे एकमेकांवर चढवा आणि सगळं मिळून अर्थला जोडा. आवाजासाठी तारेपासून पिकअपचं अंतर बघा. शेवटचा फ्रेट दाबून जाड बाजूला सुमारे 3 मिमी आणि बारीक बाजूला 2 मिमी ठेवा. पातळ आवाजाचं कारण अनेकदा इतकंच असतं की पिकअप खोल गाडलेला असतो.

यानंतर महिनाभर वाजवा. मग खण उघडून यादी काढा. माझ्या मते त्यातले पॉट सगळ्यात आधी बदला: 250 किलोओमचे दोन, आणि टोनसाठी 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. स्वस्त गिटारमधले पॉट लहान असतात, त्यामुळे मोठ्या पॉटसाठी भोक साडेनऊ मिमीपर्यंत वाढवावं लागतं. ते ड्रिलने नको, रीमरने हळूहळू करा. ड्रिल पिकगार्ड (बॉडीवरचा प्लास्टिकचा पत्रा) फाडतो. खोबणीची खोलीही आधी मोजा. पॉटच्या पाठीवर डाख देण्याआधी ती कागदाने खरवडा, म्हणजे सोल्डर दोन-तीन सेकंदांत पसरेल. मी एकदा बारीक टोकाची सोल्डरिंगची इस्त्री बराच वेळ टेकवून बसलो आणि आतली पट्टीच भाजली; नवा पॉट पहिल्याच दिवशी गेला. रुंद टोक घ्या, खिडकी उघडी ठेवा आणि काम झाल्यावर हात धुवा, कारण 60-40 च्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

पिकअप त्यानंतर. ब्रिज आणि खुंट्या मोडलेल्या नसतील तर मी हात लावणार नाही. जड ब्रिजने आवाजात पडणारा फरक मला डोळे मिटून ओळखता आलेला नाही. जड खुंट्यांनी मात्र नेक खाली झुकायला लागते, ते खांद्याला लगेच कळतं. काढलेला प्रत्येक भाग डबीत जपून ठेवा. विकताना या खर्चातलं फारसं काही परत मिळत नाही, म्हणून ही बास स्वतःजवळ ठेवायची आहे असं धरूनच करा.

प्रश्न : तारांना हात लावला की गुणगुण थांबते, काढला की सुरू. अर्थची वायर तुटली आहे का?

उत्तर : नाही. हात लावल्यावर आवाज कमी होतो याचा अर्थ ब्रिजपासून आलेली अर्थची वायर शाबूत आहे. तुमचं शरीर आसपासची गुणगुण गोळा करून वायरिंगपर्यंत पोहोचवत असतं. तारेला हात लागला की तेच शरीर अर्थला जोडलं जातं. खोबणीला तांब्याची टेप लावा. हात लावल्यावर गुणगुण वाढली असती तर जॅकवरच्या दोन वायरी उलटसुलट झाल्या आहेत का, ते आधी बघा म्हटलं असतं.

आणि एक कळकळीची विनंती. गुणगुण जावी म्हणून अ‍ॅम्पच्या प्लगची अर्थची पिन कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका. तुमची बोटं तारांवर असतात आणि तारा अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला तर त्या पिनेशिवाय तो करंट तुमच्यातून जाईल.

प्रश्न : नेक काढून परत बसवताना चारपैकी एक स्क्रू नुसता फिरतो, आवळतच नाही.

उत्तर : भोकातलं लाकूड झिजलंय. नुसत्या काड्या कोंबू नका, काही दिवसांत परत सैल होईल. भोक थोडं मोठं करा, कठीण लाकडाची गोल कांडी लाकडाच्या गोंदासकट ठोकून बसवा आणि रात्रभर वाळू द्या. मग स्क्रूच्या आट्या सोडून मधल्या दांड्याच्या जाडीचं नवं भोक पाडा. ड्रिलच्या पात्यावर टेप गुंडाळून खोलीची खूण करा, नाहीतर पातं फ्रेटबोर्डमधून वर येईल. स्क्रूला मेण लावा, सहज आत जातो.

प्रश्न : जुन्या बासचे फ्रेट काढून ती फ्रेटलेस करायची आहे. घरी जमेल का?

उत्तर : जमेल, आणि स्वस्त बासवर करण्यासारखा हा प्रयोग आहे. बासवादक जाको पास्टोरियसची प्रसिद्ध फ्रेटलेस म्हणजे मुळात फेंडरची 1962 ची फ्रेटवाली ‘जॅझ बास’च. तिच्या खाचा बुजवून फ्रेटबोर्डवर बोटींना लावतात तसलं इपॉक्सी चढवलेलं होतं.

फ्रेट थंड असताना उपटू नका. सोल्डरिंगची इस्त्री फ्रेटवर टेकवून तो तापवा, मग धार सपाट घासलेल्या पकडीने एका टोकापासून थोडा थोडा उचला, ओढू नका. तापल्यामुळे लाकडाचे कपचे कमी निघतात. निघालाच एखादा तर फेकू नका, तिथल्या तिथे सुपरग्लूने चिकटवा. खाचांत लाकडाच्या पातळ पट्ट्या गोंदाने बसवा. रिकाम्या खाचा ठेवल्या तर तारांच्या ताणाने नेक पुढे वाकते. फिकट लाकडाच्या पट्ट्या घेतल्या तर सुरांच्या जागाही दिसत राहतात.

फ्रेट गेले की तारा फ्रेटच्या उंचीएवढ्या खाली घ्याव्या लागतात, तेव्हा नटच्या खाचा पुन्हा खोल कराव्या लागतील. आणि बोट आता फ्रेटच्या मागे नाही, जिथे फ्रेट होता त्या रेघेवर ठेवायचं. इपॉक्सी चढवणार नसाल तर सपाट गुंडाळीच्या तारा लावा. खरबरीत तारा उघडं लाकूड कोरतात आणि ते सगळ्यात आधी तुमच्या आवडत्या सुरांच्या जागी खड्डे पडून दिसतं.