नोकरी सोडायची, पण कोणाच्या पैशावर?

प्रश्न : मी ४७ वर्षांची, अविवाहित, इंदूरला रामबागेत आई-बाबांबरोबर राहते. पीथमपूरच्या एका कंपनीत अकाउंट्सला आहे, हातात ५२ हजार येतात. बाबा ७९ वर्षांचे, निवृत्त शिक्षक, पेन्शन ३१ हजार. आई ७४ वर्षांची. वर्षभरापूर्वी तिला डिमेन्शियाचं निदान झालं, आता तिला एकटं ठेवता येत नाही. बाबांच्या २० लाखांच्या एफडी आहेत, आईच्या एकटीच्या नावावर ६ लाख. बंगळुरूचा धाकटा भाऊ म्हणतो, "ताई, तू नोकरी सोड, मी महिना १५ हजार पाठवतो. पुढे घर तुझंच." आईला सांभाळायला बाया पुरवणारे ब्यूरोवाले दिवसाच्या बाईचे १६ आणि रात्रीच्या बाईचे १४ हजार सांगतात. बाबा एफडीला हात लावू देत नाहीत, "ते तुम्हा दोघांसाठी ठेवलंय" म्हणतात. राजीनामा देऊ का?

उत्तर : ताई, देऊ नका. या अटींवर तर मुळीच नाही.

तुमच्या पत्रातलं सगळ्यात महागडं वाक्य भावाचं नाही, बाबांचं आहे. २० लाख तुम्हा दोघांसाठी राखून ठेवायचे आणि त्या राखणीपायी तुमचा वर्षाचा सव्वासहा लाखांचा पगार घालवायचा, असा हा व्यवहार आहे. तीन वर्षांत पावणेएकोणीस लाख जातील, भावाकडून येतील ५ लाख ४० हजार. म्हणजे ती एफडी जवळजवळ तुमच्याच खिशातून पुन्हा भरली जाईल आणि वाटणीत निम्मी भावाकडे जाईल. बाबांचा हेतू चांगला आहे, पण हिशेब असा निघतो हे त्यांना कागदावर मांडून दाखवा. शिक्षक आहेत, आकडे वाचतील.

पगारापलीकडचं नुकसान लगेच दिसत नाही. तुमच्या पीएफ खात्यात दरमहा ९ हजार पडत असतील असं धरतो (नेमका आकडा पासबुकात पाहा). ५८ व्या वर्षापर्यंतच्या ११ वर्षांत, व्याज आठ टक्के धरलं तरी, फक्त या नव्या भरण्याचे साधारण १८ लाख होतात. शिवाय कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-बाबांची नावं असतील, तर नोकरीबरोबर तेही संरक्षण जातं. आणि हा आजार कधी कधी दशकभर चालतो. पन्नाशी ओलांडल्यावर पीथमपूरला पुन्हा याच पगारावर कोण घेईल?

आता दुसरा रस्ता. बाबांच्या एफडी जसजशा मुदत पूर्ण करतील तसतशा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. पोस्टात किंवा बँकेत खातं निघतं, एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत मर्यादा आहे, मुदत पाच वर्षं. ८.२ टक्के दराने २० लाखांवर तिमाहीला ४१ हजार मिळतात, महिन्याला सुमारे १३,६५०. खातं आईबरोबर जॉइंट काढा, म्हणजे बाबांच्या मागे तिला ते चालू ठेवता येतं. गरज पडली तर मुदतीआधीही मोडता येतं. पहिलं वर्ष उलटल्यावर दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का कापून रक्कम परत मिळते.

व्याजाचे १३,६५०, भावाचे १५ हजार, आणि घरखर्च २० हजार धरला तर पेन्शनमधून उरणारे ११ हजार, असे महिन्याला साडेएकोणचाळीस हजारांच्या वर हाती येतात. दोन्ही पाळ्यांच्या बायांचे ३०, औषधं, डायपर, वरखर्च ८ धरले की ३८. बसतं, पण काठोकाठ. बायांचे दर दरवर्षी वाढणार, तेव्हा मूळ रकमेतून काढावं लागेल आणि ते काढायला मला काहीही गैर वाटत नाही. आई-बाबांचा पैसा आधी आई-बाबांवर खर्च व्हावा. उरला तर वारसा.

भावाचे १५ हजार तुमच्या खात्यात घेऊ नका. आईच्या खर्चासाठी वेगळं खातं काढा आणि त्यात दर एक तारखेला त्याच्या बँकेतून आपोआप रक्कम येऊ द्या. "पाठवतो" या शब्दावर घर चालत नाही. तुमच्या हातात पैसे पडले की ती तुम्हाला केलेली मदत ठरते. खरं तर ती त्याचीही आई आहे आणि ही त्याचीही जबाबदारी आहे. (नोकरी त्याने सोडावी, असं घरात कुणी म्हटलं का? मी फक्त विचारतोय.)

"पुढे घर तुझंच" याला आज काहीच किंमत नाही, कारण घर भावाचं नाही, बाबांचं आहे. घर त्यांच्या कमाईचं असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर त्यांच्या मागे आई, तुम्ही आणि भाऊ असे तीन सारखे वाटे पडतील. बाबांची तुम्हाला घर द्यायची इच्छा असेल तर त्यांनी दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करावं, शक्यतो नोंदवून. जिवंतपणी बक्षीसपत्र मात्र नको, तुमच्या नावानेही नको. सांभाळण्याच्या बोलीवर दिलेलं घर परत मिळवण्यासाठी मध्य प्रदेशातल्याच एका आईला सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. निकाल जानेवारी २०२५ मध्ये तिच्या बाजूने लागला, पण त्या वाटेने कशाला जायचं?

घाईचं काम वेगळंच आहे. आई अजून समजून सही करू शकत असेल, तर तिचे ६ लाख याच महिन्यात "दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला" अशा सूचनेने तुमच्याबरोबर जॉइंट करून घ्या. मुखत्यारपत्रावर (पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीवर) विसंबू नका. देणाऱ्याची समज गेली की आपल्या कायद्यात ते संपतं. मग बँक पैसे अडवते आणि कोर्टातून पालक नेमून घ्यायची वेळ येते.

दोघेही सत्तरीपुढचे आहेत, म्हणून आयुष्मान वयवंदना कार्ड काढा. उत्पन्नाची अट नाही, दोघांत मिळून वर्षाला ५ लाखांचा उपचार होतो. मात्र तो दवाखान्यात भरती झाल्यावरचा, घरच्या बाईचा पगार त्यात येत नाही.

बाई एखाद्या दिवशी येणार नाही, हे गृहीत धरा. म्हणून राजीनाम्याआधी कंपनीकडे आठवड्यातून दोन दिवस घरून काम मागा, नाहीतर तीन महिन्यांची बिनपगारी रजा. त्या तीन महिन्यांत बायांची घडी बसते का ते कळेल. पैशांपलीकडे आईजवळच राहावं असं तुम्हाला मनापासून वाटत असेल, तर जरूर राहा. मात्र मग भावाशी बोलणी १५ हजारांवरून नको, तुमच्या पगारावरून आणि पीएफवरून सुरू करा.

आणि तुम्ही नोकरी सोडत नाही म्हणून भावाने ते १५ हजार द्यायला नकार दिलाच, तर रात्रीच्या बाईसाठी आईच्या ६ लाखांतून महिना १४ हजार काढा. व्याज न धरताही ते साडेतीन वर्षं पुरतात.