पीएचपीत एका क्लासला दोन पॅरेंट हवेत, तेव्हा काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ‘ऑर्डर’ हा क्लास फ्रेमवर्कच्या ‘मॉडेल’ला एक्स्टेंड करतो आणि त्याला ‘ऑडिट’ (बदलांची नोंद ठेवणारा) व ‘पीडीएफ’ (पीडीएफ फाइल बनवणारा) या दोन क्लासमधल्या मेथडही हव्यात. एक्स्टेंड्सपुढे एकच नाव चालतं, म्हणून मॉडेल, त्याखाली ऑडिट, त्याखाली पीडीएफ अशी उतरंड रचायचा विचार आहे. ती रचू नका. उद्या ‘ग्राहक’ला फक्त पीडीएफ हवं असलं, तरी मधलं ऑडिट गळ्यात पडणारच.

पीडीएफचं उत्तर सोपं आहे. त्याला फॉन्ट, कागदाचा आकार, तात्पुरता फोल्डर लागतो. ऑर्डरच्या प्रायव्हेट गोष्टींशी त्याचा काही संबंध नाही. तो स्वतंत्र क्लासच राहू द्या आणि कंट्रोलरला किंवा सर्व्हिसला कन्स्ट्रक्टरमधून, म्हणजे ऑब्जेक्ट बनताना चालणाऱ्या मेथडमधून, द्या. पीएचपी 8.0 पासून पॅरामीटरआधी ‘प्रायव्हेट’ लिहिलं की प्रॉपर्टी आपोआप तयार होते, त्यामुळे फार टायपिंग होतं ही सबब उरलेली नाही. मॉडेलच्या कन्स्ट्रक्टरमध्ये मात्र तो घुसवू नका. मॉडेलचे ऑब्जेक्ट बरेचदा फ्रेमवर्क स्वतःच बनवतं आणि तुमचा जादा पॅरामीटर त्याला ठाऊक नसतो.

ऑडिटला मात्र ऑर्डरच्या आतल्या जुन्या-नव्या किमती (व्हॅल्यू) लागतात. तिथे ट्रेट योग्य; तो 5.4 पासून आहे. ट्रेट म्हणजे कंपाइल होताना क्लासमध्ये चिकटवलेला कोड, हे डोक्यात पक्कं ठेवा. म्हणूनच ट्रेटमधला ‘सेल्फ’ म्हणजे ऑर्डर, आणि ट्रेट वापरणाऱ्या प्रत्येक क्लासला स्टॅटिक प्रॉपर्टीची वेगळी प्रत मिळते. म्हणूनच टाइप तपासणाऱ्या ‘इन्स्टन्सऑफ’ला ट्रेटचं नाव दिलं तर नेहमी फॉल्स येतं. टाइप तपासायचा असेल तर जोडीला इंटरफेस (कोणत्या मेथड हव्यात एवढंच सांगणारी यादी) लिहा आणि ऑर्डरने तो इम्प्लिमेंट करावा.

घोळ होतो तो ‘सेव्ह’सारख्या नावांवर. क्रम असा: क्लासची स्वतःची मेथड सर्वांत वरचढ, मग ट्रेटची, मग पॅरेंटची. म्हणजे ट्रेटमध्ये ‘सेव्ह’ लिहिलंत तर मॉडेलचं ‘सेव्ह’ चुपचाप झाकलं जातं, वॉर्निंगसुद्धा नाही. दोन ट्रेटमध्ये ‘सेव्ह’ असेल आणि क्लासमध्ये नसेल, तर फेटल एरर. तो ‘इन्स्टेडऑफ’ने सुटतो. नुसत्या ‘अ‍ॅज’ने सुटत नाही, कारण ‘अ‍ॅज’ दुसरं नाव जोडतं, मूळ नाव काढत नाही. पुष्कळ जण इथेच अडकतात.

बरं, दोन्ही ट्रेटमधल्या ‘सेव्ह’ना वेगळी नावं देऊन क्लासमधून दोन्ही बोलावली, आणि दोन्हींच्या आत ‘पॅरेंट सेव्ह’ असेल, तर मॉडेलचं ‘सेव्ह’ दोनदा चालतं. त्यामुळे ट्रेटमध्ये ‘पॅरेंट’ला हातच लावू नका. ट्रेटमध्ये ‘ऑडिटआधी’ आणि ‘ऑडिटनंतर’ अशा प्रोटेक्टेड मेथड ठेवा. ऑर्डरच्या स्वतःच्या ‘सेव्ह’मध्ये पहिली, मग पॅरेंटचं ‘सेव्ह’, मग दुसरी असा क्रम लिहा, आणि पॅरेंटने परत दिलेली किंमत रिटर्न करायला विसरू नका. कन्स्ट्रक्टरलाही हाच नियम लागू: ऑर्डरमध्ये स्वतःचा असेल तर ट्रेटमधला चालतच नाही.

ट्रेटला क्लासकडून काही हवं असेल, उदाहरणार्थ टेबलचं नाव, तर अ‍ॅब्स्ट्रॅक्ट मेथड (आत कोड नसलेली, क्लासने लिहायची) जाहीर करा. तिची सिग्नेचर, म्हणजे पॅरामीटर आणि रिटर्न टाइप, 8.0 पासून काटेकोर तपासली जाते. प्रॉपर्टी मात्र जपून. तीच प्रॉपर्टी ऑर्डरमध्ये वेगळ्या सुरुवातीच्या किमतीने असली तरी फेटल एरर येतो. ट्रेटमध्ये कॉन्स्टंट हवे असतील तर किमान 8.2 लागतं, सर्व्हरवरची आवृत्ती आधी बघा.